पडद्यावरचा वरणभात

ड्रायव्हरला कोणी काही विचारत नाही, म्हणून त्याला सगळं ऐकू येतं. किस्से असेच साठतात.

एकोणीसशे साठनंतर मी आरोग्याच्या फिल्मच्या गाडीवर होतो. शिक्षण चौथी. पण मशीन मीच चालवायचो, आणि माझ्या हातून फिल्म कधी तुटली नाही. सोबत नर्सबाई. आयांना त्यांचं एकच सांगणं, बाळ सहा महिन्यांचं झालं की दुधाबरोबर मऊ वरणभात सुरू करा.

संध्याकाळी बायकांना चूल असते, म्हणून खेळ दुपारी. अंधारासाठी शाळेच्या खिडक्यांना घोंगडी लावायची. औंधजवळच्या एका गावात घोंगडी लावेपर्यंत पुरुषांनीच जागा धरल्या! बायका व्हरांड्यात.

मी म्हणालो, "उठा."

"का? आमी पोरांचं बाप न्हाई व्हय?"

नर्सबाई म्हणाल्या, "बसा की! फिल्म संपली की प्रत्येकानं एकेक पोर भरवून दाखवायचं."

खोली रिकामी!

पलूसकडच्या वस्तीवर एक आजी दहा महिन्यांचा नातू घेऊन आली. पोर नुसती काटकी, बसताही येईना. सून मागे उभी.

"दात आल्याबिगर अन्न न्हाई," आजी म्हणाली. "आमच्यात असंच हाय."

"पोर वाळलंय," म्हणत बाईंनी पडद्यावरचं गुटगुटीत बाळ दाखवलं.

"त्ये पिच्चरमधलं हाय. त्याला पचतंय!"

परतताना कऱ्हाडला थांबलो. चहा घेताना बाई म्हणाल्या, "ते पोर पावसाळा काढत नाही."

सांगलीकडे एका जैन वस्तीत पडद्यावर अंडं आलं. एका आजीनं झटकन नातवाच्या डोळ्यांवर पदर धरला!

बाई म्हणाल्या, "आज्जी, मुगाचं वरण चालेल ना?"

"मग तेवढंच दावा की!"

पुढे त्या भागात अंडं आलं की मी भिंगापुढे हात धरायचो.

फलटणला एका बाईनं भर खेळात पडद्यावरच्या आईकडे बोट करून विचारलं, "आवं, हिची सासू कुठं हाय?"

फिल्ममध्ये सासूच नव्हती! नर्सबाई मला म्हणाल्या, "आपलं तिथंच चुकतंय." तेव्हापासून त्या सुनांना सोडून सासवांना विचारू लागल्या, "आज्जी, भात किती मऊ शिजवायचा, तुम्हीच सांगा." पलूसच्या वस्तीवरही मुद्दाम जाऊन विचारून आल्या. आजी आपली तांदूळ निवडत राहिली.

दसऱ्यानंतर पुन्हा त्या वस्तीवर खेळ लागला. आजी पुढे बसलेली. एकटीच. सून नाही, पोर नाही. बाईंचा चेहरा उतरला. माझ्याही हातात रीळ तसंच राहिलं.

"आज्जी, नातू?"

"घरात हाय."

"मग आणा की!"

"न्हाई आनत. तवा वाळलाय म्हनला. आता बघून बरं म्हनशीला. दृष्ट लागंल!"

बाई हात जोडायच्या बेतात. शेवटी आजी त्यांना घरी घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो. दारातच तिनं बाईंना खाली बसवलं.

"डोळं मिटा. मांडीवर देती. काय बघायचं ते हातानं बघा."

बाईंनी डोळे मिटले. पोर मांडीवर आलं, आणि त्या वजनानं बाई "अगं बाई!" म्हणत मागच्या मागे कलंडल्या.

आजी माझ्याकडे वळली. "आवं डायवर, तुमी पन मिटा!"

मी मिटले.