शेवटच्याला पहिली होडी

प्लायवूडची होडी, बांबूची डोलकाठी, सागाचं सुकाणू, दोनदा उसवून शिवलेलं ताडपत्रीचं शीड. मंडळी, सगळं माझ्या हातचं. आज ती आमच्या घरगुती होड्यांच्या शर्यतीत पहिली आली!

आमचा नियम असा: जिंकणाऱ्याने पुढच्या शर्यतीला आपली होडी शेवटच्याला द्यायची आणि त्याची स्वतः चालवायची. म्हणून कोणी महागडं सामान लावत बसत नाही.

मागच्याच्या मागच्या शर्यतीत शेवटचा मी होतो. माझगावच्या बाबल्याने होडी दिलीच, वर शीड कधी ताणायचं, कधी सोडायचं, तेही शिकवलं. ते विसरणार नाही.

आज शेवटचा बाबल्या. म्हणाला, "मास्तरालाच हरवलंस काय रे? आण ती होडी इकडे!"

तेवढ्यात बघायला आलेले एक गृहस्थ होडी विकत मागू लागले. मी म्हटलं, "पुढच्या शर्यतीला ती बाबल्याची आहे."

रोख साठ हजार देत होते.