कचराडेपोवरच्या दोन नळ्या

तेलंगणा वेगळं होण्याआधी, आंध्र प्रदेशाच्या काळात मी आदिलाबाद जिल्ह्यात एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. गावाबाहेरच्या कचराडेपोच्या वासाची तक्रार आली, तेव्हा साहेबांनी मला मोजमाप घ्यायला पाठवलं. निघताना बजावलं, "सकाळीच जा. वारा वस्तीकडे नसताना मोज."

डेपोला लागून दहा-बारा घरं होती. मी हवा ओढायचा छोटा पंप काढला, काचेच्या नळीची टोकं मोडून ती त्याला लावली आणि तिच्यातून हवा ओढू लागले. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू असला की नळीतली पांढरी पूड तपकिरी होते. ती पांढरीच राहिली. मी सामान आवरायला घेतलं.

तेवढ्यात एक बाई हातातलं घमेलं आपटत आली. तिच्यामागून आणखी चौघी. त्या सरळ माझ्या सरकारी जीपसमोर उभ्या राहिल्या.

"काऊन आली? मागच्या साली बी एकजण आला न् 'वास नाही' लिहून गेला. तुमाले नाक नाही का?"

"नाकानं नाही, यंत्रानं मोजतात," मी तडकून म्हणाले.

"मंग बस. दुपारी वारा फिरते. तोवर गाडी हलणार नाही."

तिनं मला आपल्या स्वयंपाकघरात बसवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

दुपारी वारा फिरला आणि माझे डोळे झोंबू लागले. तिनं भाताच्या भांड्यावर ओलं फडकं टाकलं. मी नाकावर पदर बांधला. कशीबशी दुसरी नळी मोडली, पंप दोनदा दाबला. पूड तपकिरी झाली.

"लिही," ती म्हणाली. "माह्यासमोर लिही."

मी वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, सगळं लिहिलं.

ऑफिसात साहेबांनी नेमकी दुपारची ओळ खोडली आणि अहवाल नव्यानं लिहायला सांगितला. तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अहवाल लिहिला, पण सही केली नाही. मूळ कागदाची झेरॉक्स त्या बाईला नेऊन दिली.

"आता काऊन भलेपणा दाखवून राह्यली?" ती म्हणाली. कागद घेतला आणि दार लावलं.

तो कागद घेऊन वस्तीतल्या बायका आठवडाभर कलेक्टर कचेरीसमोर बसल्या. डेपो हलला नाही, पण घरांच्या बाजूला कचरा टाकणं थांबलं. तिथल्या ढिगावर मातीचा थर पडला.

माझी बदली मंचेरियलला झाली. बदलीचा हुकूम देताना साहेब तेलुगूत म्हणाले, "कोळशाच्या गावात वास मोजायला कोणी बोलावणार नाही."

मी तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला.