डोंगरबाबा नाचत नव्हता

"तुला कशाला गं मेकअप? तू तर रेडीमेडच आहेस."

मोठ्या मॅडम म्हणाल्या. सगळ्या स्टाफरूमसमोर. हातात काजळाची डबी. बाकीच्या शिक्षिका आदिवासी दिसायला तोंडं काळी करून घेत होत्या. त्या हसल्या. मला राग आला नाही. रडू आलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर कुणी चिमटा काढावा, तसं झालं. कळतं, पण दुखत नाही.

मी गोंड. नागपुरात एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. पंधरा ऑगस्टला शिक्षकांनी नाटक बसवलं होतं, आमच्या डोंगरातल्या पुढाऱ्यावर. इंग्रजांनी जंगल बंद केलं तेव्हा तो गावंच्या गावं घेऊन उठला. फासावर गेला. आम्ही त्याला डोंगरबाबा म्हणतो. आमच्याकडे लग्नाचा पहिला तांदूळ त्याच्या नावानं टाकतात.

नाटक ठरलं त्याच दिवशी मीच बापाला फोन करून बोलावलं होतं. डोंगरबाबाचं नाटक आहे, ये म्हणून.

तालमीत एकदाच बोलले. "मॅडम, तो दारू पिऊन नाचताना नव्हता सापडला. पकडलेल्या बायांना सोडवायला खाली उतरला, तेव्हा धरला."

"अगं, पब्लिकला मजा पाहिजे. इतिहास कोण बघतं?"

 कार्यक्रमाच्या दिवशी गांधीबागेच्या बाजारातून आणलेला पिसांचा मुकुट घातला. कमरेला प्लास्टिकची पानं बांधली. भाला धरून मागं उभं राहायचं, एवढंच माझं काम.

झेंडावंदन झालं. हॉल भरला. बाप पुढंच बसला होता, धुतलेल्या धोतरात. पीटीचे सर डोंगरबाबा होऊन स्टेजवर आले, तसा तो खुर्चीवरून उठला. हात जोडले. देवाला जोडतात तसे.

सर झोकांड्या खाऊ लागले. बाटली नाचवत ओरडले, "झिंगालाला हुर्र!"

हॉल हशानं फुटला. शिट्ट्या. बापाचे हात तसेच. खाली घ्यावे की ठेवावे, त्याला कळेना. त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं. मोठ्यानं. मला स्टेजवर ऐकू आलं.

"काहून हासून राह्यले गा हे?"

"बसा ना काका. मागच्यांले दिसत नाही."

बाप बसला.

मी पुढं कशी आले, आठवत नाही. भाला खाली ठेवला, हे आठवतं. मुकुट काढला. माईकसमोर गेले. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"हा आमचा डोंगरबाबा नाही. नाटक थांबवा."

 कुणीतरी पडदा ओढला.

ऑफिसात संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "स्टेजवर जाऊन माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"माफी मागणार नाही. येणार."

"एवढा माज?"

मी दार उघडलं. बाहेर बाप उभा होता.

"नोकरी जाईन वं तुही," तो म्हणाला.

"जाऊ दे."

  अजून आत काही हलत नव्हतं. ना आनंद, ना भीती.

उद्या सातवीचा पहिला तास माझा आहे. मी जाणार. गेटवर अडवलं तर गेटवर उभी राहीन. तिथंच पोरांना सांगेन तो कोण होता, कशासाठी मेला. काढून टाकलं तर दुसऱ्या शाळेत सांगेन. शाळाच मिळाली नाही तर रस्त्यावर सांगेन. पण आमच्या मेलेल्या माणसाला माझ्यादेखत कुणी नाचवणार नाही.