चार नख्यांचा हिरा

होणारी सासू तिला नावाने कधीच हाक मारत नसे. तोंडावर ‘रफूवाली’ म्हणायची आणि पाठीमागे त्याहून वाईट काहीतरी.

रफूवालीला त्याचं फारसं वाटत नसे. सुई तिच्या हाती आत्याने दिली होती. खोच पडलेल्या कोटाला आणि फाटलेल्या रेशमाला ती असे काही टाके घालायची, की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाने स्वतःच शोधत बसावं. “रफू दिसला तर तो रफू नाही, ठिगळ,” असं आत्या म्हणायची. गेल्याच वर्षी रफूवालीने स्वतःचं दुकान थाटलं होतं.

सराफाने मखमली ट्रे पुढे सरकवला. हिरा सासूचा, तिच्या आईकडून आलेला. प्रश्न एवढाच होता, की तो लग्नाच्या अंगठीत बसवायचा कसा.

“हा,” सासूने बोट ठेवलं. त्या नमुन्याच्या अंगठीत चार नख्यांनी खडा उंच उचलून धरला होता. “लांबून दिसला पाहिजे.”

“मला कोंदणात हवा,” रफूवाली म्हणाली. “चारी बाजूंनी सोन्याची कड, बोटाला लागून. माझा डावा हात दिवसभर कापडाखाली असतो, काकू. या नख्या धागे ओढतील.”

“मग काम सोड. हाय काय अन् नाय काय!”

“काम करताना काढून ठेवेन.”

“आमच्या घरात लग्नाची अंगठी बोटातून निघत नाही.” सासू मुलाकडे वळली. “सांग रे हिला.”

मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. “आई म्हणते तर... तसंही दुकानात तुझी दमछाकच होते ना?”

म्हणजे घरी सगळं आधीच ठरलं होतं तर! रफूवालीची कानशिलं तापली. तिने नख्यांची अंगठी बोटात चढवली, हात लांब केला आणि सासूच्या गळ्यातल्या रेशमी स्कार्फवरून सावकाश फिरवला. टर्र! धागा ताणला गेला आणि रेशमावर आडवी चुणी पडली.

“अगं बाई! मुद्दाम केलंस!”

“हो.”

“हा आता नीट कोण करणार?”

“शोधा कुणीतरी. मी तर काम सोडलंय ना?”

सराफाने उगाच काच पुसायला घेतली. मुलाने पहिल्यांदाच मान वर केली.

“कोंदण, नाहीतर अंगठीच नको,” ती त्याला म्हणाली. “आणि अंगठी नको म्हणजे काय, ते तुला कळतंय.”

त्याने आईकडे पाहिलं, मग हिच्याकडे. “कोंदणातच बसवा,” तो सराफाला म्हणाला. आवाज जेमतेम निघाला.

“बायकोचा बैल!” सासू कडाडली. “अजून बायको झाली नाही, तोवरच!”

लग्नानंतर आठवड्याभरात स्कार्फ दुकानात आला. सासूने तो टेबलावर फेकला. रफूवालीने अंगठी न काढता डावा हात रेशमाखाली घातला. कोंदणाची कड कुठे अडली नाही. धागे एकेक करून जागेवर बसले. शेवटी मात्र तिने टाका आत वळवला नाही. वरच्या बाजूला, गळ्याशी येईल तिथे, मोहरीएवढी गाठ मारली.

सासूचा अंगठा बरोबर तिथेच थांबला. “हे दिसतंय.”

“दिसू दे,” ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कोट ओढून घेतला.