आठ दिवसांसाठी एक पुस्तक

आमच्या काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देत बाहेर काढण्यात त्यांचा हातखंडा. ते स्वतः मात्र नऊ वर्षं घरात अडकून पडले होते. हे मी, त्यांची पुतणी, सांगते. ते कधीच म्हणाले नसते.

नऊ वर्षांपूर्वी काकूंची दृष्टी गेली आणि काका त्यांना वाचून दाखवू लागले. रोज दुपारच्या चहानंतर दोन प्रकरणं. पुस्तक काकू निवडणार. त्यांना जाडजूड घरगुती कादंबऱ्या लागायच्या, निदान तीन सुना आणि एक मृत्युपत्र असलेल्या. काकांचा जीव समुद्रप्रवासांत, आणि ती पुस्तकं वरच्या फळीवर धूळ खात पडलेली. एकदा त्यांनी कादंबरीचं पुढचं प्रकरण चोरून वाचलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी पकडलं. "तुम्ही आधीच वाचलंत. गोष्टीतले थोरले दीर गेले तेव्हा तुमचा आवाज दचकला नाही." काकांनी कानाला खडा लावला.

मग त्यांच्या कामावरच्या जुन्या जोडीदारानं आठ दिवस डोंगरावरच्या घरी बोलावलं. काकूंची बहीण इथं राहायला तयार झाली. काकांनी लगेच मला फोन केला. "ये गं, वरची पुस्तकं काढून दे." आवाजात नुसती शाळा सुटली होती.

मी स्टुलावर चढून सात पुस्तकं काढली, पुसून टेबलावर मांडली. बॅगेत जागा एकाचीच, कारण काकूंनी तीन स्वेटर भरायला लावले होते. काका एकेक उचलत, पहिलं पान उघडत. "हे नको. यात जहाज बुडतं ते आठवतंय मला. माहीत असलं की भीतीच वाटत नाही."

"आणि आपल्या कादंबरीचं काय?" आतून काकूंनी विचारलं.

"तुझी बहीण वाचेल की."

"ती? ती बातम्या दिल्यासारखं वाचते. नको बाई. थांबेन मी आठ दिवस. जा तुम्ही."

ते 'जा तुम्ही' असं होतं की भल्याभल्यांचा पाय दारातून निघू नये. काका सातही पुस्तकं परत देतात की काय, असं मला वाटलं. पण नाही, त्यांनी निळ्या पुठ्ठ्याचं एक उचललं. "दोन पानं चाखून बघतो," असं म्हणून ते खिडकीशी बसले. मला इतकं बरं वाटलं, की मी गुणगुणत त्यांचे मोजे भरायला घेतले.

थोड्या वेळानं पुटपुट ऐकू आली. काकांचे ओठ हलत होते. मग शब्द फुटले, मग वाक्यं. धुक्यातल्या खलाशाची दमलेली हाक ते अगदी दमल्यासारखी वाचत होते. आपण मोठ्यानं वाचतोय, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"अहो, जरा मोठ्यानं," काकू म्हणाल्या. "मग उत्तर आलं का त्याला?"

काका थांबले.

"छान आहे हो हे. हे राहू द्या इथंच, आल्यावर पुढचं वाचू. तुम्ही दुसरं न्या."

मला काकूंचा राग आला. अंध माणसावर रागावतेय म्हणून स्वतःची लाजही वाटली. पण मी हटले नाही. उरलेल्यांतलं एक उचलून काकांपुढे धरलं. "हे घ्या. आणि तिकडे गेल्यावर गुपचूप वाचा."

काकांनी ते घेतलं, उघडलं आणि ओठ घट्ट मिटून पहिल्या ओळीवर नजर लावली. बराच वेळ ते त्याच ओळीवर होते. मग पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"मनात वाचताच येत नाही गं आता," ते हळूच म्हणाले, आणि निळं पुस्तक घेऊन काकूंच्या खोलीत गेले.