कारण लिहा आणि सही करा

“तुमच्याकडे हे असं जोरात चालतं, मला माहितीये गं. पण आपल्याकडे जरा सोज्वळ असतं.”

मंगलताई एवढं बोलल्या आणि माझ्या नाटकाची संहिता त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. हसून. शनिवारची दुपार, र्युसेल्सहाइममधला एका चर्चचा भाड्याचा हॉल, थर्मासमधली कॉफी, कुणीतरी पुण्याहून आणलेली बाकरवडी. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची बैठक होती. बारा-चौदा माणसं असतील. कुणी हसलं नाही, कुणी दचकलंही नाही. सगळे बाकरवडी खात होते.

मंगलताईंना जर्मनीत येऊन पंचवीस वर्षं झाली होती. इथली मराठी मंडळी त्यांच्या शब्दाबाहेर नसत. नव्यानं आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनीच बेकरी दाखवलेली, बालवाडीचे फॉर्म भरून दिलेले. मलाही दिले होते. म्हणून तर त्यांचं बोलणं मनावर घेताना आधी मलाच अपराधी वाटलं.

पण मी तिथंच अडकले. ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुणाकडे? मी आणि त्या एकाच भाषेत बोलत होतो. एकाच टेबलाशी बसलो होतो. माझं वेगळं घर त्यांनी कधी बांधून ठेवलं?

आठवलं तर उत्तर सोपं होतं. तीन वर्षं त्या हेच शोधत होत्या. पहिल्या भेटीत आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून, शेवटी ‘कर’. त्यातून काही हाती लागेना. मग पुढच्या भेटीत कुलदैवत. मग गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा. मग लग्नाचा अल्बम बघायचाय म्हणाल्या. माझा नवरा सुनील इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. तो दर वेळी “आम्ही मूळचे पुण्याचे” म्हणायचा आणि गिअरबॉक्सवर घसरायचा. पुण्यात आम्ही चार वर्षं राहिलो होतो, भाड्यानं. आम्ही मूळचे परभणीकडचे. माझे वडील रेल्वेत गँगमन होते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या जलशात गायचे. जलशात सुरुवातीला तमाशासारखं गणपतीचं गाणं नसतं. आमच्या लोकांनी ते विचार करून काढून टाकलं, त्याला आता किती पिढ्या झाल्या. मी त्या ढोलकीच्या बाजूला झोपून मोठी झाले.

सुनीलचं ‘मूळचे पुण्याचे’ मी कधी खोडलं नाही. हेही सांगितलं पाहिजे. तीन वर्षं मीसुद्धा गप्पच होते.

मी शेजारच्या माइन्झ शहरात संशोधन करत होते. विषय, फ्रेंच क्रांती आणि नेपोलियनच्या काळातली नाटकं. घरी सगळ्यांना वाटायचं, हिला दुसरं काही मिळालं नाही का? मला ते सगळं ओळखीचं वाटायचं. क्रांतीनंतर कायदा झाला की कुणाही नागरिकाला नाटकगृह उघडता येईल. जत्रेतल्या, रस्त्यावरच्या नाटकवाल्यांनी भराभर नाटकगृहं उघडली. मग नेपोलियन आला. त्यानं पॅरिसमध्ये आठ ठेवली आणि बाकीच्यांना दोन आठवड्यांत टाळं लावायला लावलं. उरलेल्यांनाही नेमून दिलं की तुम्ही राजाराण्यांची नाटकं करा, तुम्ही हलकीफुलकी करा. पुढे एका नाटकगृहाला पुन्हा परवानगी मिळाली ती अशी की नाचा, कसरती करा, पण संवाद म्हणायचे नाहीत. प्रत्येक संहिता आधी तपासनिसाकडे जायची. माइन्झही तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं, म्हणून इथल्या दप्तरात, जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, तसले कागद मिळायचे.

तर मंगलताईच म्हणाल्या होत्या, तू नाटकाचा अभ्यास करतेस तर आमच्यासाठी एक एकांकिका लिही की. मी हुरळून गेले. जत्रेतल्या एका नाटकमंडळीची गोष्ट लिहिली. त्यांचं नाटकगृह बंद होतं, मालकीण तपासनिसाच्या कचेरीत खेटे घालते आणि शेवटी मंडळीतली लहान मुलगी टाळं लावलेल्या दारासमोर गाणं म्हणते. गाणं माझ्या वडिलांचं होतं.

पडदा तुमचा, दिवा तुमचा, तुमच्याच हाती चावी रं
आवाज मातर आमच्या घरचा, त्याला कोण अडवी रं

अशा अकरा ओळी. मुलगी म्हणजे माझी रमा, सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. मी ओरडले तरी जर्मनमध्ये. तिच्या तोंडी मराठी होतं ते एवढं एकच गाणं. आजोबांनी तिला ते फोनवर शिकवलं होतं, दर रविवारी, कॉलिंग कार्डाची मिनिटं संपेपर्यंत.

संहिता आधी समितीला दाखवायची असते, असं कळल्यावर मी स्वतःच्या हातानं ती नेऊन दिली. दिवसभर तपासनिसांचे कागद वाचणारी बाई मी, आणि संध्याकाळी आपलीच संहिता तपासायला देऊन आले. वर धन्यवादही म्हणाले.

ती ही अशी परत आली. पेन्सिलीनं, सुबक रेघा मारून. अकराच्या अकरा ओळी खोडलेल्या. समासात दोन शब्द होते, ‘वेळ’ आणि ‘आवाज’. पहिल्या पानावर वरच्या कोऱ्या जागेत गणेशवंदना लिहून दिलेली. रमाच्या नावापुढे ‘मूक’.

मी विचारलं, मूक का? मंगलताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

“आल्झो,” त्यांचं नेहमीचं जर्मन ‘म्हणजे’, “तसंही तिला मराठी बोलता येत नाही ना. नुसती नाचली तरी गोड दिसेल.”

रमा हॉलच्या दारात उभी होती. तिला सगळं कळतं, हे मी वर लिहिलंच आहे.

घरी येऊन मी सुनीलवर उखडले. तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीत तेच बघतेस, पंधरा मिनिटांच्या नाटकात दोन मिनिटं कापली तर काय बिघडलं? कार्यक्रमात त्याच्या ऑफिसातलेही चौघे येणार होते. त्याचं म्हणणं होतं, उगीच तोंडाची वाफ कशाला दवडायची. त्या रात्री मला स्वतःचाच संशय आला. खरंच वेळेचा प्रश्न असेल तर? मी नेलेली डाळवांग्याची भाजी दर वेळी चाटूनपुसून संपायची. कुणी कधी भांडं वेगळं ठेवलं नव्हतं. माझ्या हातात पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. होता तो हातावर ठेवलेला हात आणि ‘तुमच्याकडे’. ज्यानं हे भोगलंय त्याला माहीत आहे, अपमानापेक्षा हा हिशेब जास्त छळतो. झालं ते खरंच झालं का, याचाच हिशेब.

सोमवारी दप्तरात गेले. त्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप होऊन गेला होता आणि रस्त्यावरच्या गाड्यांना अजून झेंडे लटकत होते. वाचनकक्षात गारवा होता. माझी कामाची एक पद्धत होती. मंडळीनं दिलेली प्रत आणि तपासनिसाकडून परत आलेली प्रत शेजारीशेजारी ठेवायच्या. वहीत तीन रकाने. काय कापलं. कारण काय दिलं. आणि तेच कारण लागू पडत असूनही काय कापलं नाही. खरं कारण तिसऱ्या रकान्यात सापडतं. तपासनीस लिहितो ‘लोकांच्या अभिरुचीला न शोभणारं’, आणि त्याहून अचकटविचकट विनोद पुढच्याच पानावर तसाच सोडलेला असतो. कापलेली ओळ फक्त शेतकऱ्याच्या तोंडची असते.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेरच्या बाकावर बसले आणि पिशवीतून माझ्या दोन प्रती काढल्या.

कारण, वेळ. गाण्याला दोन मिनिटं. पण नाटकातल्या सरदाराचं स्वगत पावणेतीन पानांचं होतं. ते मीच लांबलं म्हणून कापायचं ठरवलं होतं. त्याला पेन्सिल लागली नव्हती. उलट समासात ‘छान’.

कारण, आवाज. गाण्याला ढोलकी होती आणि हॉलच्या नियमात दुपारी शांतता पाळायची असते. पण त्याच हॉलमध्ये, त्याच दुपारी, आमच्या नाटकाआधी ढोल-ताशा ठरला होता आणि टाळ-झांजांसकट आरती होती. कार्यक्रमपत्रिका माझ्याच पिशवीत होती.

तिसरा रकाना भरला. बरं वाटलं मला. संशय खरा निघाला याचं कुणाला बरं वाटतं का? मला वाटलं. मी वेडी नव्हते.

पुढच्या शनिवारी सुनील-रमासकट सगळे जमल्यावर मी दोन्ही प्रती टेबलावर शेजारीशेजारी मांडल्या. पत्रिकाही ठेवली. स्वगताची पानं उघडली, गाण्याचं पान उघडलं. आवाज न चढवता एकेक दाखवत गेले. बोटांनी, दप्तरात दाखवते तसं. कुणीतरी म्हणालं, अहो एवढं काय त्यात. मंगलताईंचं हसू तसंच होतं.

“तू फार संशयी आहेस गं,” त्या म्हणाल्या. “आपण सगळे एक कुटुंब ना इथं?”

मी एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर पेन ठेवलं.

“गाणं का कापलं ते इथं लिहा आणि खाली सही करा.”

“सही कशाला?”

“दोनशे वर्षांपूर्वीचा तपासनीस करायचा. म्हणून तर तो कोण होता ते मला आज कळतं.”

पेन तसंच पडून राहिलं. मी एकेकाकडे पाहिलं. कुणी कॉफी ओतायला उठलं, कुणी मोबाइल काढला. मंगलताईंनी कागदाला बोट लावलं नाही. शेवटी म्हणाल्या, मग या वर्षी नाटक राहू दे, ठीक? आणि वहीत पुढच्या विषयावर खूण केली.

मी कागद उचलले. उठून उभी राहिले आणि सांगितलं.

“माझे वडील जलशात गातात. आम्ही बौद्ध आहोत. आम्ही पुण्याचे नाही. तीन वर्षं तुम्हाला हेच विचारायचं होतं.”

सुनील कॉफीच्या टेबलाजवळ उभा होता, कानापर्यंत लाल. मी रमाचा हात धरून निघाले. थोड्या वेळानं तोही मागून आला. तो माझ्यासाठी उठला की तिथं उभं राहणं अशक्य झालं म्हणून, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. घरापर्यंत तो गिअरबॉक्सबद्दल बोलला नाही एवढं खरं. रमानं विचारलं, जर्मनमध्येच, की आजोबांच्या गाण्यानं काय केलं? मी म्हणाले, काही नाही. खोटं वाटलं म्हणून परत म्हणाले, ते लोक त्याला घाबरले.

रविवारी वडिलांचा प्रश्न ठरलेला, पोरीनं गायलं का. मी सगळं सांगितलं. कार्डाची मिनिटं जात होती.

“आमाला लोक तोंडावर सांगायचे,” ते म्हणाले. “तुमाला तेवढंबी सांगत न्हाईत.”

त्यानंतर मंगलताई रस्त्यात भेटल्या तर हसायच्या. हातही धरायच्या. बालवाडीचे फॉर्म त्यांनी भरून दिले होते, हे मी विसरलेले नाही. त्यांनी तो कागद कोरा ठेवला, हेही विसरणार नाही. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

आता मी कुठंही काही लिहून दिलं, मराठी मंडळींकडे, विद्यापीठात किंवा मासिकात, की सोबत एक कोरा कागद जोडते. कापा, पण कारण लिहा आणि सही करा. लोक चिडतात. काही हसतात. बहुतेकदा कागद कोराच परत येतो. त्यावर मी माझ्या हातानं तारीख टाकते, परत करणाऱ्याचं नाव लिहिते आणि दोन्ही प्रतींसह फाइलला लावते. पहिल्या फाइलमध्ये वर तो र्युसेल्सहाइमचा कागद आहे. हे दप्तर मी कुणाच्या ताब्यात देणार नाही. आणि त्या अकरा ओळींतली एकही ओळ आता कुणाला दाखवून, विचारून गायची नाही, हे रमाला मी मराठीत सांगितलंय.