पाणी पिऊन येते

मला बोलता येतं, ही माझी जुनी खोड. किन्हवलीच्या शाळेत पाहुण्यांचे आभार मीच मानायचे. सासरी आल्यावर हळदीकुंकवाला कुणाचा उखाणा अडला की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मुरबाडच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तर तिथंही लवकरच सगळ्यांना कळून चुकलं की या बाईच्या तोंडाला कुलूप नाही. नंतर जे झालं ते या कौतुकापायीच झालं.

आमच्या कंपनीत स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे बनतात. एकीनं डबा पुसायचा, दुसरीनं झाकण लावायचं, तिसरीनं खोक्यात भरायचं, अशी आमची लाइन. गेल्या वर्षी बाहेरून तक्रारी यायला लागल्या की खोक्यात डबे आहेत, पण काहींना झाकणंच नाहीत. झाकण नसलेला डबा म्हणजे नुसतं भांडं, ते कोण घेणार? वरून विचारणा झाली आणि आमच्या लाइनची एक टीम बसवली गेली. कंपनीत त्याला क्वालिटी सर्कल म्हणतात. टीममध्ये मी, लाइनवर सगळ्यांत जुन्या असलेल्या एक मावशी, नुकतीच ठेकेदाराकडून आलेली एक तरुण मुलगी आणि अजून दोघी होतो. शिकवायला क्वालिटीचे सर. सर वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं गरीब. आमच्याशी बोलताना खुर्चीवर न बसता उभेच राहायचे.

सरांनी सांगितलं की साहेब लोकांपुढे नुसती अडचण मांडली तर ती रडगाणं वाटते, आणि नुसता उपाय मांडला तर फुशारकी वाटते. म्हणून गोष्ट सांगायची. आधी सगळं कसं सुरळीत होतं, मग काय अडलं, का अडलं, आपण काय केलं आणि आता कसं आहे. त्यातला ‘का’ सगळ्यात महत्त्वाचा. एकदा विचारून थांबायचं नाही. उत्तर आलं की त्याला पुन्हा ‘का’ विचारायचं, ते थेट मुळापर्यंत. मला हे फार आवडलं. आमच्याकडे जात्यावर, शेतावर, बसमध्ये बायका गोष्टी सांगतातच, पण गोष्टीलाही अशी शिस्त असते हे मला ठाऊक नव्हतं.

मोठा कागद भिंतीला लावला आणि माझं अक्षर बरं म्हणून मार्कर माझ्या हातात आला. झाकण का राहिलं? कारण झाकणवालीला डबेही पुसावे लागत होते. का? कारण पुसणारी जागेवर नव्हती. इथवर सगळ्या पटापट बोलल्या. सरांनी पुढं विचारलं, जागेवर का नव्हती? आणि आम्ही पाचही जणी कागदाकडे बघायला लागलो.

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. बायकांचं बाथरूम जुन्या शेडच्या मागं. वाट लोडिंगच्या धक्क्यावरून जाते, तिथं ट्रकचे ड्रायव्हर आणि क्लीनर बिड्या ओढत बसलेले असतात. शिवाय दाराला कुलूप, आणि किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे. म्हणजे आधी गेटवर जाऊन एका बाप्याकडे किल्ली मागायची, मग इतक्या बाप्यांच्या समोरून ती हातात घेऊन जायचं. एकटी कोण जाणार? म्हणून दोघी जोडीनं जायच्या आणि लाइनवर राहिलेल्या बाईच्या हातून झाकणं सुटायची. सुपरवायझरला जाताना काय सांगायचं, हेही ठरलेलं होतं. “पाणी पिऊन येते.” पाण्याचं पिंप कँटीनच्या दाराशी, तेही लांबच, त्यामुळे कुणी जास्त विचारत नसे. मी कामाला लागायच्या आधीपासून हे चालत आलेलं. मी पहिल्या दिवशीच शिकले.

आता सर उत्तराची वाट बघत उभे. मावशींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, पाणी प्यायला गेलती. आम्ही चौघींनी माना डोलावल्या. सरांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली. त्यांनी लगेच विचारलं, पाण्याला एवढा वेळ का? पिंप लांब म्हणून. झालं, मूळ सापडलं. ‘पिंप लांब’ हे शब्द मी मोठ्या अक्षरात लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. रेघा ओढताना कान तापले होते. पण दुसरं काय लिहिणार होते? सरांसमोर तो शब्द उच्चारायच्या कल्पनेनंच माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. तोंडाला कुलूप नाही म्हणवणारी मी.

कंपनीच्या कार्यक्रमात ती गोष्ट मीच सांगितली, आणि चांगली सांगितली. जिथं थांबायचं तिथं थांबले, जिथं हसू यायला हवं तिथं आणलं. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याच कंपनीच्या डब्यांचा सेट, झाकणांसकट. आणि पंधरवड्यात आमच्या लाइनला अगदी खेटून थंड पाण्याचा कूलर बसला. सरांनी नारळ फोडला, पहिला ग्लास मला दिला. मी दोन घोट घेतले आणि बाकीचं त्यांची पाठ वळल्यावर ओतून दिलं.

आम्ही पाणी पीतच नव्हतो. घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा आणि दुपारी जेवणानंतर तोंड ओलं करायचं. प्यायलं तर जावं लागणार. त्या गार पाण्याच्या कूलरशेजारी आम्ही कोरड्या घशानं डबे पुसत बसलो होतो, आणि आता उठायला निमित्तही उरलं नव्हतं. पाणी पिऊन येते म्हटलं की सुपरवायझर हातानं कूलर दाखवायचा. त्याचीही चूक नव्हती. आमच्याच गोष्टीनं त्याला ते सांगितलं होतं.

सगळ्यात हाल झाले त्या तरुण मुलीचे. तिला दिवस गेले होते. लाइनवर फक्त मला माहीत होतं. ठेकेदाराला कळलं तर तो घरी बसवेल म्हणून तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तिला सारखं जावं लागायचं. दोनदा ती न सांगता उठली, आणि दुसऱ्या वेळी सुपरवायझरनं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदारानं निरोप धाडला की पुन्हा जागेवर दिसली नाहीस तर यायची गरज नाही. त्यानंतर ती दाबून धरायला लागली. मग जळजळ, मग ताप. एके दिवशी संध्याकाळी परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, “ताई, तुमी सरांना सांगा ना. तुमाला बोलता येतं. माजी नोकरी गेली तर घरात कोणीच कमावणारं नाय.”

मी सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनपाशी गेलेसुद्धा. सरांनी हसून विचारलं, काय म्हणताय? आणि मी त्यांना शहापूरच्या कार्यक्रमाला किती वाजता निघायचं ते विचारून परत आले. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी तिच्याकडे मान वर करून बघवेना. तिनंही विचारलं नाही. तिला माझ्या चालण्यावरूनच कळलं असणार.

शहापूरचा कार्यक्रम म्हणजे आजूबाजूच्या कंपन्यांच्या टीमची स्पर्धा. एका मंगल कार्यालयात ठेवली होती. स्टेजवर लग्नाची लाल मखमली खुर्ची बाजूला सरकवून माइक लावलेला. माझे मिस्टर हायवेच्या गॅरेजमध्ये कामाला आहेत. बायकोचं भाषण ऐकायचं म्हणून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या रांगेत येऊन बसले होते. सर पुढच्या रांगेत होते. आमची ती मुलगी स्टेजच्या कडेला मोठे कागद उलटायला उभी.

मी सुरुवात केली. सुरळीत कसं होतं ते सांगितलं, काय अडलं ते सांगितलं. झाकणांच्या गमतीला लोक हसले. पिंप लांब, म्हणून कूलर. कागद उलटला गेला. आता शेवटचा भाग, ‘आता कसं आहे’. वाक्य पाठ होतं. सगळं सुधारलं, असं म्हणायचं आणि नमस्कार करायचा. कागद नीट उलटला की नाही म्हणून मी कडेला बघितलं. ती मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, ओठ दातात धरून. तिचा चेहरा घामेजला होता. मी तिच्याकडे बघतेय हे तिला कळलं आणि तिनं मान खाली घातली, जसं काही चूक तिचीच होती.

पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडून निघेना. हॉल वाट बघत होता. मग मी जे बोलले ते माझं मलाच परक्या बाईचं वाटलं. शाळेत शिकलेली भाषा कुठं गेली कोण जाणे, घरचीच भाषा बाहेर आली.

“आता कूलर हाय. पाणी गार हाय. पण आमी ते पीत नाय. का पीत नाय? प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. मग का जात नाय? किल्ली वॉचमनकडं, नि वाट ड्रायव्हर लोकांच्या समोरनं. एकटीला जायला लाज वाटते, म्हणून दोघी जातो. झाकणं म्हणून राहतात. पाण्याचं आमी खोटं सांगितलं होतं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.   जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी नमस्कार करायलाही विसरले आणि पायऱ्या उतरले. सर आपल्या बुटांकडे बघत होते. मागच्या रांगेतल्या खुर्चीवर मिस्टर नव्हते.

बक्षीस मिळालं नाही, ते मिळायचंही नव्हतं.  परतीच्या बसमध्ये सरळगाव आलं तेव्हा मावशी पुटपुटल्या, “पार चव्हाट्यावर मांडलंस गो. आमचं वय गेलं, पण आमी कई तोंडातनं काढलं नाय.” मी ऐकून घेतलं. मला त्यांच्याइतकंच वाईट वाटत होतं. मी बरोबर केलं असं मला एकदाही वाटलं नाही, फक्त झाकता येत नाही अशा ठिकाणी उघडी पडल्यासारखं वाटत राहिलं.

घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. कुणीतरी मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकला, तिथून तो गावात आला. मिस्टर ओट्यावर बसले होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलंस कधी, रोज असं असतं म्हणून.  इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांनाही ते सांगितलं नव्हतं. मी चूल पेटवायला आत गेले आणि बराच वेळ फुंकत बसले.

पुढचे आठ-दहा दिवस मी खाली मान घालून काम केलं. लोडिंगवरचे लोक मला बघून एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मग एके दिवशी सकाळी आलो तर स्टोअरच्या शेजारचं, आजवर फक्त साहेब लोकांसाठी असलेलं बाथरूम उघडं होतं. दारावर बाईचं चित्र चिकटवलं होतं, आणि आतून कडी बसवली होती. लाइनपासून चार पावलांवर. सर आले, माझ्याकडे न बघता कूलरचा नळ उगाच उघडून बंद केला. “तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं,” ते म्हणाले. मी हो सर म्हटलं. दोघांनाही तिथून पळून जायचं होतं. जाता जाता त्यांनी सांगितलं की सुपरवायझरकडून त्या मुलीचं कळलं, ठेकेदाराशी बोलणं झालंय, तिला कुणी काढणार नाही.

तिला काढलं नाही. आता तिचं पोट एप्रनमधून दिसतं. कूलरचं पाणी ती ग्लास भरभरून पिते, आणि जायचं असलं की सुपरवायझरला सरळ सांगते, बाथरूमला जाऊन येते. आवाज जराही खाली येत नाही तिचा. तो मान हलवतो आणि झाकणांच्या जागी स्वतः उभा राहतो. मावशींना पहिल्यांदा ठसका लागला होता. आता त्याही गालात हसतात.

काल मलाही जायचं होतं. मी हात पुसले, उठले, सुपरवायझरसमोर उभी राहिले. भरल्या हॉलमध्ये माइकवर जो बोलले होते, तोच एक शब्द मला तोंडातून काढायचा होता.

“पाणी पिऊन येते,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या मागच्या कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो बाजूला झाला.